माळ्यावरचे दगड टाकीत घालण्याआधी

प्रश्न : आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहायचो. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा काकांनी त्यांची समुद्री माशांची टाकी मोडली. दगड टाकवेनात, म्हणून दोन गोण्यांत भरून ठेवले. सहा वर्षं झाली. आता त्या गोण्या आमच्या नव्या घराच्या माळ्यावर आहेत, साधारण पंचवीस किलो. मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतली आहे. आधी मासे आणि पुढे जमलं तर सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, असा बेत आहे. दुकानदार म्हणतो, ‘सहा वर्षं सुकलेत, नळाखाली धुवा, टाकीत रचा, बॅक्टेरियाची बाटली ओता, आठवड्यात मासे सोडा.’ मित्र म्हणतो, ‘मोठ्या पातेल्यात उकळून घे.’ तिसरा ॲसिड सुचवतो. मी एक दगड बादलीत भिजवून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की आईने बादली उचलून गॅलरीत ठेवली. गणपतीत पाहुणे यायच्या आत टाकी चालू व्हावी अशी इच्छा आहे. काय करू?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : पातेलं आधी जागेवर ठेवून द्या. दगड उकळायचे नाहीत, ओव्हनमध्ये भाजायचे नाहीत, मायक्रोवेव्हच्या तर जवळपासही न्यायचे नाहीत. समुद्री टाकीत बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे झोअँथिड नावाचे प्रवाळांच्या जातकुळीतले जीव बऱ्याच जणांकडे असतात, काकांकडेही असतील. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. जीव मेला म्हणून विष गेलं असं होत नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते हवेत येतं आणि घरातले सगळे ते श्वासावाटे घेतात. ताप, धाप, खोकला, तोंडाला कडवट चव येऊन घरातली माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. शिवाय दगडाच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड तडकून उडू शकतो, तो धोका निराळाच.

त्याच कारणासाठी हे दगड कोरडे घासू नका. आधी ओले करा, हातात जाड रबरी मोजे, डोळे झाकणारा संरक्षक चष्मा, तोंडावर मास्क, आणि मग ब्रश. हाताला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबा.

आता तुमच्या बादलीकडे वळू. आईंना वैताग झाला खरा, पण पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. दगड नुसता दगड असता तर वास आला नसता. काकांची टाकी मोडली तेव्हा त्या दगडांच्या भोकाभोकांत स्पंज, किडे, शेवाळ, शिंपले असं बरंच काही जिवंत होतं. ते आतल्या आत मेलं आणि सुकलं. सहा वर्षं ते तसंच पडून राहिलं, कारण कुजायला पाणी लागतं. तुम्ही पाणी दिलंत आणि कुजण्याचं थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं. दुकानदाराचं ऐकून तो दगड थेट टाकीत गेला असता तर हेच सगळं माशांच्या नाकाखाली घडलं असतं, आणि त्यातून सुटणारा अमोनिया त्यांच्या जिवावर उठला असता.

कुजणारा भाग मात्र सोपा आहे. तो वासाने कळतो, आणि काढताही येतो. खरी डोकेदुखी फॉस्फेटची. त्याला ना रंग ना वास. हे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. काकांनी वर्षानुवर्षं माशांना जे खाणं घातलं त्यातलं न वापरलेलं फॉस्फेट दगड जमवत गेले. आता स्वच्छ पाण्यात ठेवले की ते थोडं सोडतात. पाण्यातलं आणि दगडावरचं प्रमाण जुळलं की थांबतात. तुम्ही पाणी बदललंत की पुन्हा सोडतात. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी कितीही घासा, झाकण लावून ठेवली की आठवड्याने वास येतोच, तसला प्रकार. नळाखाली धुवून यातलं काहीही जात नाही. असे दगड रचलेल्या नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हिरव्या केसाळ शेवाळाचं रान माजतं. मालक पाणी बदलतो, दिवे कमी करतो, गोगलगायी आणतो, औषधं ओततो, आणि साठा मात्र दगडांच्या पोटात शाबूत असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की जे काही सुटायचं आहे ते टाकीबाहेर, पिंपात सुटू द्या, आणि सुटायचं थांबलं की नाही हे मोजून ठरवा. दिवस मोजून ठरवू नका.

काम सुरू करण्याआधी काकांना एक फोन लावा. त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, हे विचारा. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं वापरतात, आणि पुष्कळ जण ते मुख्य टाकीतच ओततात. तांबंही या दगडात शिरून बसतं आणि पुढे हळूहळू बाहेर येतं. माशांना ते एक वेळ चालेल, पण झिंगे, गोगलगायी आणि कोरल यांचा त्यात निभाव लागत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर हे दगड सॉफ्ट कोरलच्या टाकीसाठी बाद. पुढचं वाचण्याची गरजही नाही.

दुसरा प्रश्न घरातल्यांना विचारा. माळ्यावर पेस्ट कंट्रोल झालं होतं का? मुंबईच्या घरात माळा म्हणजे झुरळांचं माहेर, वर्षातून एकदा फवारणी ठरलेली. झुरळांवर मारतात ती बरीचशी औषधं मासे आणि झिंगे यांच्यासाठी भयंकर विषारी असतात. गोणी प्लॅस्टिकची आणि तोंड घट्ट बांधलेली होती तर ठीक. तागाची होती आणि तिच्यावरच फवारा बसला असेल, तर वरच्या थरातले दगड वेगळे काढून टाका. हळहळ वाटेल, पण ज्याच्यावर काय बसलंय ते ठाऊक नाही असा दगड दोनशे लिटर पाण्यात घालू नये.

आणखी एक दिलासा. तुमची टाकी साधारण १९० लिटरची आहे. पूर्वी गॅलनला एक ते दोन पौंड दगड असा हिशेब सांगत, म्हणून काकांनी एवढे जमवले असणार. आता इतके कुणी रचत नाही. बारा-चौदा किलो पुरतील, माशांना पोहायला जागाही राहील. तेव्हा निवड करा. हातात घेतल्यावर आकारमानाच्या मानाने हलका वाटणारा, भोकं-भोकं असलेला दगड चांगला, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया राहतात ते त्या भोकांत. जड आणि ठोस दगड बाजूला ठेवा. मग एखादा मधल्या आकाराचा दगड गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा आणि आत पाहा. आत पांढरा किंवा मळकट पिवळसर असेल तर उत्तम. काळे-करडे पट्टे, चामड्यासारखे चिवट पापुद्रे किंवा पोकळ्यांत भरलेला तपकिरी भुगा दिसला, तर सगळ्याच दगडांचं पोट तसं आहे असं समजा आणि पुढच्या कामाला जास्त वेळ धरा. वरून दिसणाऱ्या किड्यांच्या पांढऱ्या नळ्या, बंद शिंपले, वाळका स्पंज हे सगळं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उकरून काढा. शिंपल्यांच्या आत हमखास मेलेला ऐवज असतो. साबण कुठेही लावायचा नाही.

यानंतर ब्लीच. म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, बिनवासाचं, बिनरंगाचं. घरगुती चार-पाच टक्क्यांचं असेल तर दहा भाग पाण्याला एक भाग. कॅनमध्ये दहा-बारा टक्क्यांचं मिळतं, ते घेतलंत तर त्याच्या निम्मं. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर नको, तिच्यातला चुना भोकांत जाऊन बसतो. आणि दुकानात नुसतं ‘हायपो’ मागू नका. माशांच्या दुकानात त्याच नावाने क्लोरीन मारणारे खडे देतात, म्हणजे नेमका उलटा माल हातात येईल. दगड या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, रोज एकदा हलवा. पाणी तपकिरी झालं आणि ब्लीचचा वास गेला तर त्याचा जोर संपला, नवं पाणी करून पुन्हा बुडवा.

हे न्हाणीघरात करू नका. मुंबईतली न्हाणीघरं केवढी असतात ते मी सांगायला नको. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर पिंप ठेवा. ते नाही म्हणाले तर गॅलरीत, पण झाकण ठेवून आणि पावसाचं पाणी आत जाणार नाही असं. पिंपावर काय आहे ते मराठीत ठळक लिहून चिकटवा, कारण गच्चीवर मुलं येतात. पाणी ओतून देताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. ज्या मोरीत किंवा संडासात त्या दिवशी ॲसिड टाकून सफाई झाली असेल, तिथे ब्लीचचं पाणी ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. आधी भरपूर पाणी सोडून जागा धुवून घ्या, मग ओता.

ब्लीच झाल्यावर दगड तीन-चार पाण्यांतून खळबळून काढा आणि सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे त्या ‘खड्यांच्या’ पाण्यात रात्रभर ठेवा. क्लोरीन गेला की नाही हे तपासायला ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब मिळतात. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन बघायला पालिकेची माणसं वापरतात तेच. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. फक्त ही तपासणी नळाच्या पाण्यात करू नका, आपल्या नळाला क्लोरीन घातलेलंच पाणी येतं. दगड धुवून ताज्या आरओ पाण्यात दोन-तीन तास ठेवा आणि ते पाणी तपासा. भोकांच्या आतलं ब्लीच सावकाश बाहेर येतं, त्याला तेवढा वेळ द्यायला हवा. सध्याच्या पावसाळी हवेत दगड कडक वाळायचे नाहीत. पंख्याखाली दोन दिवस ठेवा, तेवढं पुरे.

ॲसिडबद्दल. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पातळ पाण्यात दगड बुडवला की फसफसून त्याचा वरचा थर विरघळतो, आणि त्या थरावरचं फॉस्फेटही त्याच्याबरोबर जातं. पद्धत खोटी नाही. ज्यांच्याकडे अंगण आहे, पाण्याची नळी आहे, ते करतात. करताना आधी पाणी आणि मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. पण विक्रोळीतल्या फ्लॅटमध्ये, वर-खाली शेजार असताना, आणि तेही आठवड्यापूर्वी ब्लीच वापरलेल्या दगडांवर? मी सांगणार नाही. दगडाच्या आतल्या भोकात ब्लीच उरलं असेल तर ॲसिडशी गाठ पडल्यावर तोच क्लोरीन वायू. शिवाय ॲसिड सगळीकडे सारखं आत पोचत नाही, त्यामुळे पुढचं भिजवणं काही टळत नाही. जे टळत नाही तेच नीट करावं.

तर भिजवणं. शंभर लिटरचं झाकणाचं निळं पिंप घ्या, त्यात दगड, आणि पाणी फिरवायला एक छोटा पंप. अंधार हवा, नाहीतर शेवाळ तिथेच सुरू होईल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मीठ घालू नका. समुद्री मीठ लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे ऐंशी लिटरला जवळजवळ तीन किलो, आणि ते पाणी तुम्ही गटारात ओतणार आहात. साध्या आरओ पाण्यात भिजवा आणि आठवड्याने सगळं बदला. आरओवरून आठवलं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी यासाठी बेताचंच. बऱ्याच मशिनांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ठरावीक पातळीवर राहावा म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळतात किंवा खनिजं घालतात. पिंपाला ते चालून जाईल; टाकीसाठी मात्र डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचा, टप्पा असलेलं, मीटरवर शून्य दाखवणारं पाणीच हवं. भातसा-तानसाचं आपलं पाणी तसं मऊ, त्यामुळे इथे रेझिन बरंच टिकतं. हे सुख सगळ्या शहरांत नाही.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी फॉस्फेट मोजलं तर आकडा छान येतो. तो नव्या पाण्याचा आकडा असतो, दगडांचा नव्हे. पाणी बदला, पंप चालू ठेवा, सात दिवस हात लावू नका, आणि मग मोजा. दर आठवड्याचा हा आकडा वहीत लिहा. सुरुवातीला तो एक पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर गेला तर घाबरायचं नाही. आठवड्यागणिक तो उतरतोय का, हे पाहायचं. हॅना कंपनीचा फॉस्फरसचा छोटा मीटर कुणाकडून मिळाला तर लक्षात ठेवा, तो आकडा फॉस्फरसचा आणि पीपीबीत (अब्ज भागांत किती) देतो. त्याला ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं, मग फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. म्हणजे मीटरवर १०० आलं तर फॉस्फेट ०.३१ च्या जवळ.

आकडा हटत नसेल तर पिंपात लँथॅनम क्लोराइड वापरता येतं. पोहण्याच्या तलावांसाठी फॉस्फेट काढायचं द्रावण म्हणून ते मिळतं. भरपूर पातळ करून थेंब थेंब सोडा, पाणी दुधाळ होईल, तो फॉस्फेट बांधला गेल्याचा साका. साका बसू द्या, पाणी ओता, दगड खळबळा. मासे असलेल्या टाकीत हा प्रयोग नवशिक्याने करू नये, तो बारीक साका माशांच्या कल्ल्यांत जातो. पिंपात मासे नाहीत, तिथे हात मोकळा.

शेवटची कसोटी मात्र खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात फॉस्फेट दगडाला जास्त घट्ट धरून राहतं, त्यामुळे तिथला चांगला आकडा फसवा असू शकतो. समुद्री मीठ घालून पाण्याची विशिष्ट घनता (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५ करा आणि पुन्हा सात दिवसांचा तोच नियम लावा. ०.१ च्या आत आला की दगड टाकीच्या लायकीचे झाले. सॉफ्ट कोरलला ०.०३ ते ०.१ चालतं. शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी, बुडबुडे धरणारी चिकट साय येते, आणि ती केसाळ शेवाळापेक्षा चिवट.

याच खाऱ्या पाण्यात बॅक्टेरियाचंही काम उरकून घ्या. तुमच्या दगडांत आता जिवंत काहीच नाही, ब्लीचने तेवढं केलंच आहे. कुणाची निरोगी, चालू टाकी माहीत असेल तर त्यांच्या फिल्टरमधली, बॅक्टेरिया वसलेली मूठभर सिरॅमिक कडी मागून आणा आणि पिंपात टाका. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया दोन पीपीएमवर न्या. काही दिवसांनी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल आणि नायट्रेट उरेल. पुन्हा दोन पीपीएमचा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, तर दगड मासे सांभाळायला तयार. हीटरची मुंबईत बहुतेक गरज पडत नाही. उलट मे महिन्यात टाकीवर पंखा लावावा लागेल, तेव्हा ती सोय आत्ताच करून ठेवा.

म्हणजे गणपतीत मासे नाहीत. सगळं सरळ झालं तरी दोन-अडीच महिने धरा, दगड फोडल्यावर आत काळा निघाला असेल तर त्याहून जास्त. पाहुण्यांना रिकामी टाकी दाखवायची लाज वाटत असेल तर तिच्यावर एक छानसा टेबलक्लॉथ घाला आणि मोदकांचं ताट ठेवा. टाकीला झाकण असेल तरच, अर्थात.

एक कायद्याची बाब. या गोण्यांत चांदण्यांसारख्या खाचा असलेले किंवा फांद्याफांद्यांचे तुकडे निघाले, तर ते नुसते दगड नव्हेत, दगडी प्रवाळाचे सांगाडे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ येतात, आणि मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. असे तुकडे निघाले तर ते कुणाला विकू किंवा देऊ नका. वनविभागाशी बोलून काय करायचं ते विचारा. कमी पडले म्हणून मालवणहून किंवा हाजी अलीच्या खडकांवरून उचलून आणायचा विचारही नको. कोस्टल रोडच्या वेळी तिथली प्रवाळं हलवायला सरकारी यंत्रणेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. आपली हौस कायद्याच्या वर कुठून राहणार? सिमेंटपासून बनवलेले कृत्रिम दगड मिळतात, ते घ्या.

राहिली दुकानदाराची बाटली. ती घ्यायला हरकत नाही, चांगल्या बॅक्टेरियाने काम लवकर मार्गी लागतं. पण झाकणावरची तारीख बघा, उन्हात मांडलेली घेऊ नका, आणि ओटीच्या थेंबाने पिवळा रंग दाखवणं पूर्ण थांबवलं आहे याची खात्री झाल्यावरच पिंपात ओता.